हनुवटी वर कर

"हे घे. मागे जा, दाढी करून ये. मग पाव वाढ."

मॅडमनी माझ्या हातात रेझर ठेवला. निळ्या दांड्याचा, प्लास्टिकच्या पाकिटातला, एकदा वापरून फेकायचा. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये टूथब्रश, कंगवा, शॅम्पूच्या पुड्या ठेवतात, त्यातलाच. सकाळी ती टोपली मीच भरली होती.

रविवार होता. नागावच्या त्या रिसॉर्टची सगळी कॉटेजं भरलेली. नारळीखाली नाश्त्याची टेबलं मांडलेली. माझ्या एका हातात पावाची टोपली, दुसऱ्या हातात चिमटा. एका टेबलावरच्या लहान मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं होतं, "मम्मी, या आंटींना दाढी का आहे?"

पोर लहान होती. तिला दिसलं, तिनं विचारलं. तिची आई हसली. मग शेजारचं टेबल हसलं. मीही हसले. अशा नोकरीत हसावं लागतं.

मॅडम म्हणजे मालकीणबाई. त्या काउंटरमागून उठून आल्या आणि मला स्वयंपाकघराच्या दारात घेऊन गेल्या. दार उघडं होतं. आत दोन आचारी, भांडी घासणारा, आणि माझ्याबरोबर काम करणारी लता. बाहेर पाहुणे. मॅडमनी आवाज खाली घेतला नाही.

मी मागे गेले. कामगारांच्या संडासात आरसा नव्हता. हात धुवायच्या साबणाची वडी होती, तीच गालावर घासली. बोटांनी चाचपत पातं फिरवलं. घाई होती, पाव गार होत होते. जबड्याखाली कापलं. रक्त थांबेना. युनिफॉर्मची कॉलर पांढरी होती, तिच्यावर डाग पडला.

लतानं चिमूटभर हळद आणून दाबली. "थांब जरा," म्हणाली.

मी थांबले नाही. बाहेर गेले. मॅडमनी बघितलं. "आता हे पिवळं काय फासलंयस?"

मी हळद पुसली आणि पाव वाढले.

पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले. खरं ते नव्हतं. खरं हे, की मॅडमचं बरोबर आहे असं मला वाटलं होतं. असं तोंड घेऊन लोकांना खायला वाढायला जाऊ नये, हे मला पटलं होतं. कितीतरी आधीपासून पटलेलं होतं.

माझ्या तोंडावर केस आहेत. वरच्या ओठावर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं. जाड आणि काळे. सकाळी काढले तरी दुपारपर्यंत हिरवट सावली परत येते. छातीवर आहेत, पोटावर आहेत. नववीत असताना यायला लागले.

वर्गात मला 'बुवा' म्हणायचे. मुलांचं मी समजू शकते. पण हजेरी घेताना सरसुद्धा माझ्या नावाच्या ऐवजी म्हणायचे, "बुवा आलेत का?" मी "हजर" म्हणायचे. काय करणार. गैरहजर कसं म्हणणार.

आई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हार्मोनचा त्रास आहे, गोळ्या घ्या. गोळ्या घेतल्या. अंग सुजलं, केस तसेच. आईनं बेसन लावलं, दोरा लावला. मग ती मला गावातल्या पार्लरमध्ये घेऊन गेली. आम्ही बौद्धवाडीत राहतो. गाव रस्त्याच्या त्या बाजूला. पार्लरवाली बाई आमच्याकडच्या बायकांना खुर्चीत बसवत नसे. तोंडानं तसं कधी म्हणाली नाही. "आज वेळ नाही," म्हणायची. आमच्यासाठी तिला कधीच वेळ नसायचा. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. तिनं काउंटरवरून क्रीमची ट्यूब सरकवली. "घरी लाव."

घरी लावली. गाल भाजला. लाल चट्टे आले. मी चार दिवस शाळेत गेले नाही, पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बाबा एसटीच्या डेपोत हेल्पर होते. रोज सकाळी पडवीत खांबाला छोटा आरसा टांगायचे आणि दाढी करायचे. चट्टे बरे झाल्यावर एके सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"बाय, इकडं बस."

मी त्यांच्यासमोर पाटावर बसले. त्यांनी वाटीतल्या फेसात ब्रश घोळला आणि माझ्या गालावर फिरवला. थंड लागलं. मग माझ्या हातात रेझर दिला. नवीन होता. माझ्यासाठी वेगळा आणला होता.

"आदी बोट फिरव. केस कंच्या बाजूला झुकतोय बघ. त्याच बाजूनं पातं न्यायचं. उलटं न्हाय. दाबायचं न्हाय. घाई करायची न्हाय."

आई आतून आली. बघितलं आणि कपाळाला हात लावून खाली बसली. "पोरीला दाढी करायला शिकवता? लोकांना कललं तर कोन करील हिला?"

बाबा आरसा धरून होते. आईकडे न बघता म्हणाले, "माज्या बापाची दाढी गावात कोनी केली न्हाय. न्हावी व्हता. पन आमच्या लोकांना हात लावत नव्हता. मग वाडीतल्या मानसांनी एकमेकांची केली. बाप कामाला जायचा तो तोंड साफ करून जायचा. आपल्या हातानं आपलं तोंड साफ करायला लाज कसली?"

मग मला म्हणाले, "तुला काढायची तर काढ. न्हाय काढायची तर नको काढू. पन कोनाच्या पार्लरच्या दारात उभी राहू नको."

मी काढली.  एकदाही कापलं नाही.

त्यांचं ते बोलणं मला तेव्हा अर्धंच कळलं. काढायची ते कळलं. न काढायचं कळलं नाही. बारावीत असताना बाबा गेले. त्यानंतर मी रोज पहाटे उठून, आई चूल पेटवायच्या आत, दाढी करायचे. वाडीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नसे. मी मात्र रस्त्यानं जाताना ओढणी तोंडाशी धरून चालायचे.

माझा मोठा भाऊ, दादा, न्हावा-शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला आहे. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं एक पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर निघून गेला. पिशवीत ट्रिमर होता. बायकांचा नाही, पुरुषांचा, चांगला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मला तो दिवस आठवला की अजून बरं वाटतं.

रिसॉर्टमध्ये मी आधी साफसफाईला लागले. चादरी बदलायच्या, बाथरूमं धुवायची. पाहुणे समुद्रावर गेले की आम्ही आत जायचो. तोंड कुणाला दिसायचं नाही. मग नाश्त्याला माणूस कमी पडलं. मी बारावी शिकलेली, बोलायला बरी, म्हणून मॅनेजरनं मला पुढे उभं केलं. वर्षभर सगळं ठीक चाललं होतं. त्या रविवारी वीज नव्हती, ट्रिमर चार्ज झाला नव्हता, मी घाईत तशीच आले. तेवढ्यावरून ते सगळं झालं.

त्यानंतर रोज तपासणी सुरू झाली.

सकाळी कामावर आलो की आम्ही मागच्या गेटपाशी रांगेत उभे राहायचो. मॅडम बघायच्या. नखं, केस, युनिफॉर्म. सगळ्यांचंच बघायच्या. माझ्यापाशी आल्या की म्हणायच्या, "हनुवटी वर कर."

मी वर करायचे. पण तेवढ्यानं भागायचं नाही. कॉटेजच्या चाव्यांना लाकडाची लांब पट्टी असते, पाहुण्यांनी चावी खिशात घालून नेऊ नये म्हणून. मॅडमच्या हातात अशी एखादी चावी असायची. त्या पट्टीचं टोक माझ्या हनुवटीखाली घालायच्या आणि तोंड उजेडाकडे वळवायच्या. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. हात लावायच्या नाहीत. बाजारात मासळी घेतानाही बाई बोटानं कल्ला उघडून बघते.

रांगेतली माणसं समोर बघत उभी असायची. पहिले काही दिवस कुणीतरी फिसकन हसायचं. मग तेही बंद झालं. सगळ्यांना सवय झाली. मला पण झाली. हेच मला आता सगळ्यात जास्त छळतं. सकाळी रांगेत उभी राहिले की माझी मान आपोआप वर जायची. मॅडम बोलायच्या आधीच.

दुपारच्या जेवणाआधी पुन्हा बघायच्या. म्हणून मी दोनदा दाढी करायला लागले. सकाळी घरी, दुपारी त्या बिनआरशाच्या संडासात. ट्रिमरनं बारीक खुंट राहतात. मॅडमना खुंट चालत नव्हते. म्हणून पातं, उलट्या बाजूनं, दाबून. बाबांनी नको म्हणून सांगितलेलं सगळं. कातडी सोलवटली. केस आतल्या आत वाढायला लागले. पुटकुळ्या आल्या, मग गळवं, मग पू. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गाल रात्रंदिवस चुरचुरायचा.

डॉक्टर म्हणाले, "तोंडाला पातं लावायचं नाही. पूर्ण बरं होईपर्यंत नाही. नाहीतर कायमचे व्रण राहतील."

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मास्क लाव. कुणाला दिसता कामा नये."

मी मास्क लावला. आतली दाढी वाढत गेली. घामानं गळवं ओली राहायची. पण तपासणी थांबली होती. मला तेवढंही पुष्कळ वाटत होतं.

मग ते लग्न आलं. मुंबईच्या एका कुटुंबानं सगळा रिसॉर्ट घेतला होता. हिरवळीवर हळदीचा कार्यक्रम. पिवळे पडदे, झेंडूच्या माळा, मोठे स्पीकर. आम्ही सरबत फिरवत होतो. ऊन फार होतं. मी एका नारळीमागे जाऊन मास्क खाली केला आणि पाणी प्यायले. नवरीच्या चुलतभावानं पाहिलं. तरुण मुलगा होता. चांगल्या घरचा, हसरा.

"ओ ताई, एक मिनिट. मास्क काढा ना. एक फोटो."

"नको," मी म्हटलं.

"प्लीज. काही नाही हो. मस्त दिसताय."

तोवर आणखी पोरं गोळा झाली. कुणीतरी ओरडलं, "नवरदेव मिळाला रे." मी मॅडमकडे बघितलं. त्या खुर्चीत बसून हसत होत्या.

"अगं, काढ की," मॅडम म्हणाल्या. "गेस्ट आहेत. मजा चाललीय."

मी मास्क काढला. माझ्या हातानं काढला.

त्यांनी मला फेटा बांधला. गळ्यात झेंडूची माळ घातली. शेजारी नवरीची एक मैत्रीण लाजायची नक्कल करत उभी राहिली. गाणं लावलं. मला म्हणाले, मिशीला पीळ द्या. मी दिला नाही, तर एकानं माझा हात धरून ओठाकडे नेला. दहा-बारा फोन माझ्या तोंडासमोर. एक मुलगी जवळ आली, म्हणाली, "ईऽऽ, पू आहे," आणि फोन आणखी जवळ आणला.

गाणं संपलं. मग ते दुसऱ्या खेळाकडे गेले. मी माळ काढून खुर्चीवर ठेवली, फेटा ठेवला, आणि रिकामे ग्लास उचलायला लागले. लता ट्रे धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं पाणी बघून मला राग आला. कुणावर, ते कळलं नाही.

संध्याकाळी मी मिनीडोर रिक्षातून उतरून वाडीत पोचायच्या आत तो व्हिडिओ वाडीत पोचला होता. खाली हसणारी तोंडं. लोकांनी लिहिलेलं मी वाचलं. थोडंच वाचलं.

दादाचा फोन आला. आधी आई कुठाय ते विचारलं. मग म्हणाला, "यार्डात आला तो. ड्रायव्हर लोक बघतायत. मला पण दाखवला. त्यांना माहीत न्हाय तू माझी बहीण हाय."

"तू सांगितलंस?"

"न्हाय."

फोन चालूच होता. त्याच्याकडे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते. मग त्यानं ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, मॅडम बोलतील. निदान एवढं तरी म्हणतील की पोरांनी जरा जास्तच केलं. त्यांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं. "बस," म्हणाल्या. त्या ऑफिसात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. चहा मागवला.

"तुझा व्हिडिओ किती लोकांनी बघितला माहितेय? आपल्या रिसॉर्टचं नाव झालं. फोन येतायत, ती दाढीवाली तुमच्याकडेच आहे का म्हणून." मग पुढे वाकून म्हणाल्या, "शनिवारी कंपनीचा मोठा ग्रुप येतोय. तोपर्यंत दाढी करू नकोस हं. छान वाढू दे. फेटा आणून ठेवते. वेलकमला गेटवर तूच उभी राहा."

मी कपाकडे बघत राहिले.

एवढे महिने माझ्या तोंडाची किळस येते म्हणून या बाई मला रांगेत तपासत होत्या, असं मी धरून चालले होते. किळस समजते. किळस येणाऱ्या माणसाला मी काय बोलू, मला स्वतःलाच येत होती. पण किळस नव्हतीच. असती तर वाढू दे कसं म्हणाल्या असत्या? काढ म्हटलं की मी काढायची. ठेव म्हटलं की ठेवायची. त्यांच्या बागेतली मेंदी माळी कापतो. कधी कापायची, कधी वाढू द्यायची, ते मेंदीला कुणी विचारत नाही.

"चहा घे ना," त्या म्हणाल्या.

मी घेतला नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

घरी आले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काढून टाक दाढी. आनि जाऊच नको तिकडं." मी पडवीत बसून आरशात बघितलं. वाटलं, काढावी. शनिवारी गुळगुळीत तोंड घेऊन जावं, मग काय करतील? पण काढली असती तरी ती त्यांच्यासाठीच काढली असती. आणि ठेवली तर त्यांनी सांगितलं म्हणून ठेवल्यासारखी. कसंही केलं तरी माझं तोंड त्यांच्याच हातात. बराच वेळ बसले. मग गालावर बोट फिरवलं. गळव दुखत होतं. डॉक्टरनं पातं लावू नको सांगितलंय, तर लावायचं नाही. एवढंच. माझी कातडी बरी व्हायला हवी. मॅडम काय म्हणाल्या, लोक काय म्हणाले, ते सगळं त्याच्यानंतर.

कितीतरी वर्षांनी मी माझ्या तोंडाचा विचार मला काय दुखतं यावरून केला होता.

शनिवारी गेले. मास्क लावला नाही. मिनीडोरमध्ये लोक वळून बघत होते. ओढणी खांद्यावरच ठेवली. हात सारखा ओढणीकडे जायचा, मी तो मांडीखाली दाबून बसले.

मागच्या गेटवर रांग लागली. खुर्चीवर नवा फेटा ठेवला होता, लाल, जरीचा. मॅडम खुशीत होत्या. माझ्यापाशी आल्या.

"वा. हनुवटी वर कर, बघू दे."

"नाही."

त्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"वर करणार नाही, मॅडम. फेटा पण घालणार नाही. मला नाश्त्याच्या कामावर घेतलंय. ते काम मी करते."

त्या हसल्या. रांगेकडे बघून हसल्या. मग सवयीनं चावीची ती पट्टी माझ्या हनुवटीखाली आणली. मी पट्टी धरली आणि बाजूला केली. ढकललं नाही. ओढली नाही. फक्त बाजूला केली.

"माझ्यावर हात उचलतेस?"

"पट्टी बाजूला केली."

तिचा चेहरा बदलला. इथून पुढे मी तिला 'ती' म्हणते. ती आधी माझ्या दाढीवर बोलली, मग माझ्या आईवर बोलली, मग माझ्या वाडीवर. तुम्हाला ताटापाशी उभं केलं हेच चुकलं, म्हणाली. आणि मग तिनं जात काढली. जुना शब्द. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा तो शब्द अंगावरून उतरवून ठेवला होता. तिनं तो सगळ्यांसमोर, माझ्या तोंडावर फेकला. मी तो इथे लिहिणार नाही.

रांगेत सात-आठ माणसं होती. मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही ऐकलंत," म्हटलं.

 आचारी जमिनीकडे बघत होता. लता स्वतःच्या नखांकडे.

"निघ," ती म्हणाली. "मागच्या मागे निघ."

मी माझा डबा घेतला. मागच्या गेटनं गेले नाही. नाश्त्याच्या टेबलांमधून, पाहुण्यांच्या समोरून, पुढच्या गेटनं रस्त्यावर आले.  शूर वगैरे काही वाटत नव्हतं. 

पोलिसात जायचं आईला आधी पटलं नाही.  तिसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसली, म्हणाली, "चल."

टेबलामागच्या हवालदारानं माझ्याकडे बघितलं, मग सहकाऱ्याकडे. "तक्रार बाईची लिहायची का बुवाची?"

इतक्या वर्षांनी तोच शब्द.  आई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. त्यानं बस म्हटलं नव्हतं.

"मानसाची लिवा," आई म्हणाली. "पोरगी माजी हाय. पुरं लिवून होईस्तोवर मी हितनं उठत न्हाय."

दुपार झाली. आम्हाला बाहेर बसवलं, आत बोलावलं, पुन्हा बाहेर बसवलं. मोठे साहेब आले, म्हणाले, मिटवून टाका, नोकरी परत मिळवून देतो. मी म्हटलं, नोकरी नको. ते म्हणाले, नक्की कोणता शब्द वापरला ते सांगावं लागेल. मी सांगितला. माझ्याच तोंडानं. आईनं तेव्हा डोळे मिटून घेतले. संध्याकाळ होता होता तक्रार घेतली.

त्यानंतर काही चांगलं झालं असं नाही. केस उभी राहिली. तिला लगेच जामीन मिळाला. नवरीच्या त्या चुलतभावानं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठं कुठं गेला होता. अजून कुणीतरी मला रस्त्यात ओळखतं. रिसॉर्टच्या माणसांचे जबाब झाले. कुणीच काही ऐकलं नव्हतं. लतानंही नाही.

लता एकदा घरी आली. पडवीत उभ्या उभ्या म्हणाली, "माझा नवरा मॅडमच्याच नारळाच्या वाडीत नारळ काढतो. घर त्यांच्या जागेत आहे. मी काय करू, तूच सांग."

मी तिला बसायला सांगितलं, चहा दिला. 'असू दे' म्हणाले नाही. ती तो शब्द ऐकायला थांबली होती, मला दिसत होतं. तो शब्द मी दिला नाही.

नागावात, आसपास कुठं, मला आता कुणी हॉटेलात घेत नाही. मी चौलच्या बाजूला एका वाडीत सुपारी सोलायला जाते. हात फाटतात. तोंडाकडे कुणी बघत नाही, तिथे सगळ्यांच्या माना खाली असतात. दादा सुट्टीला आला होता. म्हणाला, "यार्डात सांगितलं मी. ती माझी बहीण हाय म्हणून." पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. त्याच्या भुवईवर जखम होती.

गाल बरा झालाय. व्रण राहिलेत. कधी मी दाढी करते, ट्रिमरनं, माझ्या वेळेला. कधी आठ-आठ दिवस करत नाही.

मागच्या महिन्यात माझी केस चालवणाऱ्या वकीलबाईंनी अलिबागला बोलावलं. चांगल्या आहेत. मनापासून लढतात. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. सगळं समजावून झाल्यावर त्या जरा अडखळल्या. म्हणाल्या, "रागावू नकोस. पण त्या दिवशी चेहरा साफ करून ये. साधी साडी नेस. कोर्टात छाप महत्त्वाची असते. तुझ्याबद्दल सहानुभूती वाटली पाहिजे."

त्या वाईट बोलल्या नाहीत. माझ्या भल्याचंच बोलल्या. म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला.

"मॅडम, व्हिडिओ दाखवणार ना तुम्ही?"

"दाखवणार."

"त्यात जे तोंड आहे, तेच मी घेऊन येणार. साक्षीच्या दिवशी काढणार नाही."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "समोरचा वकील त्यावरून बोलेल. लोक हसतील. तुला पिंजऱ्यात उभं राहून ऐकावं लागेल."

"हसू देत."

आज सकाळपासून मी ट्रिमर लावणं बंद केलंय. तारखेपर्यंत चांगली वाढेल. त्या दिवशी ती समोर बसलेली असेल, तिच्या माणसांसकट. मी उभी राहणार. मला विचारतील, तेव्हा त्या पहिल्या रविवारपासून सांगणार, सगळं, एकेक करून. तिनं वापरलेला शब्द भर कोर्टात, तिच्याकडे बघून सांगणार. लता आली नाही तरी. आईला चालवेना झालं तरी. केस हरले तरी.

हरले तर वरच्या कोर्टात जाणार. तिथंही अशीच जाणार.